नऊ वर्षं जागा रिकामी

चर्चच्या दगडी पाटीवर आजवरच्या चौदा पाळकांची नावं कोरून झाली होती. सातव्या आणि आठव्या नावाच्या मध्ये पाथरवटाने, त्याला लिहून दिलं होतं तसं, कोरलं होतं : ‘नऊ वर्षं जागा रिकामी.’

शिडं शिवणाऱ्या म्हातारीने ती ओळ बोटाने चाचपली.

“रिकामी? ती नऊ वर्षं इथे माझी आई उपदेश करत होती.”

चर्चचा दीडशे वर्षांचा इतिहास पाळकसाहेबांनी स्वतः लिहिला होता. उपासनेला पंधरा मिनिटं उरली होती आणि उपासनेनंतर पाटीचं अनावरण होतं.

“मावशी, तसा एकही कागद नाही.”

“कागद कोण करणार? नेमलेला पाळक यायला निघाला, त्याला बोट लागली आणि अर्ध्या वाटेतून परत पळाला. खलाशांचा पाळक म्हणे! पुढे नऊ वर्षं कुणी फिरकलं नाही. होड्या मात्र जातच होत्या. समुद्रावरच्या एकेका होडीचं नाव दर रविवारी प्रार्थनेत इथून कोण घेत होतं? वारा?”

“त्यांचं मन मोठं होतं, कबूल. पण त्या नेमलेल्या नव्हत्या. आणि आता ही काळ्या दगडावरची रेघ झाली.”

म्हातारीला राग आला आणि तिने तो गिळला नाही. पाथरवटाचा हातोडा उचलून ती तडक व्यासपीठावर चढली.

ते व्यासपीठ फुटलेल्या जहाजाच्या फळ्यांचं होतं. पहिले पाळक धिप्पाड, पूर्वीचे खलाशीच, त्यामुळे कठडाही त्यांच्याच मापाचा. म्हातारीची आई बुटकी. तिचं तोंड मंडळीला दिसावं म्हणून तिच्या नवऱ्याने, होड्या बांधणाऱ्या सुताराने, आत एक लाकडी पायरी बसवली होती. नंतरचे उंच पाळक त्या पायरीला ठेचकाळत आले. आत्ताचे पाळकसाहेब तेवढे दर रविवारी तिच्यावर उभे राहत. ती कुणी केली, कुणासाठी केली, हे इतिहास लिहितानाही त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं.

दोन घावांत पायरीच्या खुंट्या निघाल्या.

“अहो, हे काय करताय?”

“जागा रिकामी होती ना? मग रिकाम्या जागेला पायरी कशाला?”

घंटा झाली. मंडळी आत आली. म्हातारी पायरी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली. ती ओढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. निम्म्या बंदराची शिडं तिच्या सुईखालून गेली होती.

पाळकसाहेब वर चढले. कठड्यावर फक्त त्यांचा भांग दिसत होता. होड्यांची नावं घ्यायला त्यांनी सुरुवात केली, तोच एक म्हातारा तांडेल ओरडला, “पाळकसाहेब, उभं राहून बोला!”

“उभाच आहे.”

हसण्याची लाट उसळली. म्हातारी हसली नाही.

मग कठड्यामागून आवाज आला, “मावशी, ती पायरी द्या.”

“कुणाची?” म्हातारीने विचारलं.

मागच्या बाकावर पाथरवटाने पिशवीतून छिन्नी काढली आणि तो उत्तराची वाट बघत बसला.