सलग दहा मीटर

ज्योतीने दगडावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब जागच्या जागी चमकत बसला. तिने वहीत फुली मारली आणि पुढची पेटी ओढली.

"शनिवारी गाशा गुंडाळायचा," तेलशोधाचे प्रमुख सोळंके साहेब शेडच्या दारातूनच म्हणाले. "तेलासाठी एखाद-दुसरा बरा तुकडा चालत नाही. सलग दहा मीटर पाणी पिणारा दगड दाखवा, दुसरी विहीर मी मंजूर करून आणतो."

"दाखवते."

हट्टाला पेटली की ही हिंगोलीची पोरगी कुणाला आवरत नसे. आपल्याकडच्या काळ्या दगडाखाली काही नाही, हे ऐकून तिचे कान किटले होते. खाली दोन भेगांमधली जमीन खचली, त्या खड्ड्यात जुन्या नद्यांनी वाळू आणून भरली, असं ती आठ वर्षं सांगत होती. वाळूच्या दगडात छिद्रं असतात, आणि छिद्रं असतील तरच तेल मुरतं.

सेनगाव रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये विहिरीतून काढलेल्या दगडी कांड्यांच्या साठ पेट्या होत्या, एका पेटीत एक मीटर. किती खोलीवरचा दगड, तो आकडा प्रत्येक पेटीवर रंगवलेला. दगडांवरचे खडूचे आकडे मात्र धुण्यात गेले होते. धुण्याचं काम तांड्यावरच्या रुक्माबाईकडे होतं. आईच्या ऑपरेशनसाठी नांदेडला जाताना ज्योतीनेच तिला बजावलं होतं, "मावशी, चिखल काढा आणि दगड नीट लावून ठेवा." पंधरा दिवसांत बाईने शेडचं रूपच पालटलं होतं. तिची नजर पक्की. हंगामात वसमतचे हळदवाले व्यापारी तिला माल निवडायला घरून बोलावून न्यायचे.

"हे काम बंद पडलं तर आमी पुन्ना ऊसतोडीला," रुक्माबाई तांब्या भरून देत म्हणाली. "साहेबाला काहून एवढी घाई?"

"नाही जाऊ देत तुम्हाला, मावशी."

चाळिसावी पेटी कोरडी गेली. एक्केचाळिसाव्या पेटीत थेंब टेकला आणि जिरला. दुसऱ्या तुकड्यावरही जिरला. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. पन्नासाव्या पेटीपर्यंत एकही तुकडा चुकला नाही.

साहेब दुधाने तोंड पोळलेले, ताकही फुंकून पिणारे. त्यांनी स्वतः थेंब टाकून पाहिले, भिंगातून वाळूचे कण पाहिले. मग चष्मा काढला.

"बाई, तुमचा हट्ट फळला."

अहवालावर ज्योतीने सही केली. फॅक्स गेला. शनिवारी दुपारी मुख्य ऑफिसचं उत्तर आलं: दुसरी विहीर मंजूर, यंत्रं निघाली. ज्योतीला रडू आवरेना. इतकी वर्षं हसणाऱ्यांची तोंडं तिला एकदम आठवली आणि फार बरं वाटलं.

तिने पेढे आणवले. पहिला रुक्माबाईच्या हातावर ठेवला.

"मावशी, तुमच्या हाताला यश आहे. इतके लख्ख दगड मी कुठेच पाहिले नाहीत."

रुक्माबाई लाजली.

"धुवायला काय लागतंय म्याडम! येळ गेला तो निवडायला. साठ पेट्यांत कुटं एक, कुटं दोन असे इखुरले होते ते पानी पिनारे दगड. समदे येचून दहा पेट्यांत एका जागी लावले. म्हनलं, तुमाला हुडकायची तकलीफ नको."