बाहेरची कडी

कडी बाहेरून लागली होती. सरिताने दार ओढलं, ढकललं, थापा मारल्या. "आई, दार उघडा." उत्तर आलं नाही. आलं ते रडणं. बाहेरच्या खोलीत लेक उठली होती.

खिडकीत कूलर ठासून बसवलेला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. नवरा धम्मदीप बुटीबोरीच्या कारखान्यात, संध्याकाळशिवाय यायचा नाही. घरात उरल्या सासूबाई, सिंधूताई. त्यांच्या हातांना कंप. चहाचा कप धरला की बशी वाजायची. बाळंतपणापासून सरिताने लेक त्यांच्याजवळ एकटी सोडली नव्हती. मांडीवर दिली तरी खालून आपला हात लावून बसायची. सिंधूताई लगेच लेक परत द्यायच्या.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. राजीनामा लिहून तयार, पाठवायचा तेवढा बाकी. बाळंतपणाची रजा आज संपत होती. लेक कोणाकडे राहत नाही, नोकरी सोडते, असं तिने सकाळीच घरात सांगून टाकलं होतं. ती संगणकशास्त्राची प्राध्यापक. मधलं एखादं यंत्र बंद पडलं तरी काम अडू नये, अशी नेटवर्क कशी बांधायची, यावर तिचं सगळं संशोधन. रजेतही तिची विद्यार्थिनी मिनल फोन करून तेच विचारत राहायची. आणि घरात मात्र सरितावाचून पान हलत नव्हतं.

रडणं टिपेला गेलं. हे भुकेचं नव्हतं, आईला शोधायचं होतं. तरी पान्हा फुटलाच. कुर्ता ओला झाला. तिने तळहात लाल होईतो दार बडवलं. मग बाहेर काहीतरी दाणकन पडलं, आणि रडणं एकदम थांबलं.

दाराला कान लावून सरिता तिथेच खाली बसली. ऐकू येत होता तो फक्त कूलर.

कितीतरी वेळाने कडी निघाली. सिंधूताई दारात उभ्या होत्या. मऊ झालेल्या जुन्या लुगड्याने त्यांनी लेक छातीशी घट्ट बांधली होती. लेक गाढ झोपलेली. मागे फरशीवर पितळी डबा आडवा पडला होता.

"कडी काहून लावली, आई?"

"तूच त मिनलले फोनवर सांगत होती. दुसरी वाट आहे म्हणून भागत नाही, चालू वाट बंद करून पाहा लागते." सिंधूताई म्हणाल्या. "मी आहो ना वं घरात. मले कधी तपासून पाह्यलंच नाही तू."

त्यांचा हात लेकीच्या पाठीवर होता. तो थरथरत होता, थांबत नव्हता. त्या थरथरीवरच लेक झोपली होती.

सरिताने हात पुढे केला. लेकीला घ्यायला नाही. पाठीमागे सुटत आलेली लुगड्याची गाठ तिने नीट बांधून दिली, आत गेली आणि राजीनामा पुसून टाकला.

"लेक पुन्हा रडली की मला राहवणार नाही, मी धावत येईन," ती आतूनच म्हणाली. "कडी लावून घ्या, आई."