कुणीतरी ‘हो’ दाबलं होतं

पडदा काळाच होता. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. तिने बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पेनड्राइव्ह लावला आणि पुन्हा सुरू केला.

“होईल ना गं नीट?” काकांनी विचारलं. ते मागेच उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते.

“बघते, काका.”

मागच्या खेपेला होतं तेच आताही होतं. व्हायरस शिरला होता आणि मशीन जिथून सुरू होतं ती जागाच त्याने कुरतडून टाकली होती. अशी मशीनं तिच्या दुकानात रोज येत. या घरी मात्र ती स्वतः यायची. इथला मुलगा शाळेत तिच्या वर्गात होता. पुढे ती दुरुस्तीच्या कामात पडली आणि तो मालवाहू जहाजावर गेला. वादळात जहाज बुडालं. काहीजण सापडले, तो सापडला नाही. शोध चालू आहे, कळलं की मेल करू, असं जहाजाच्या कंपनीने सांगितलं. तेव्हापासून काकांचं जगणं या टेबलापाशी येऊन थांबलं होतं. सकाळी तोंड धुवायच्या आधी ते मेल बघत. पासवर्ड मुलानेच कधीतरी घालून दिलेला, त्यांना तो ठाऊकही नव्हता. त्यामुळे मेल बघायचा तर याच मशीनवर.

पहिल्यांदा मशीन बंद पडलं ते त्यांच्याच हातून. त्यांनी इंटरनेटवर दिसेल तिथे मुलाचं नाव टाकून विनवण्या लिहिल्या होत्या. त्या कुणा भामट्याच्या नजरेस पडल्या. ‘तुमचा मुलगा सापडला, फोटो सोबत आहे’ असा मेल आला. काकांनी फोटो उघडला. तो फोटो नव्हताच. तिने मशीन दुरुस्त केलं, अँटीव्हायरस बसवला, काका-काकूंना समोर बसवलं आणि बजावलं, “हे पुन्हा उघडायचं नाही. उघडलंत की मशीन सुरूच होणार नाही.” तो मेल मात्र काकांनी पुसू दिला नाही. त्याचं नाव आहे त्यात, म्हणाले.

पेनड्राइव्हवरून मशीन जागं झालं. तिने आत शिरून पाहिलं. अँटीव्हायरसने इशारा दिला होता. फाइल धोक्याची आहे, तरी उघडायची का, असं विचारलंही होतं. कुणीतरी ‘हो’ दाबलं होतं.

“काका, तुम्ही परत तोच मेल उघडलात.”

“नाही गं.”

“मला दिसतंय ना इथे.”

काकांचा चेहरा उतरला. ते पडद्याकडे बघत राहिले. “उघडला असेन मग,” ते म्हणाले. “हल्ली माझं मलाच काही कळत नाही.”

काकू पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याची बाजू घेऊन त्या एरवी जगाशी भांडल्या असत्या. आज मान खाली घालून त्यांनी एकाच शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

तिला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. या वेळी कुणाला न विचारता तिने तो मेल कायमचा पुसला. व्हायरस शोधून शोधून काढला. मशीन सुरू होण्याची जागा नव्याने बांधली.

“आता कुणी कितीही वेळा ‘हो’ दाबू दे,” ती म्हणाली, “काही व्हायचं नाही.”

“म्हणजे आता बंदच पडणार नाही?” काकूंनी विचारलं. इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या.

“नाही पडणार. निर्धास्त राहा काकू.”

मशीन सावकाश सुरू होऊ लागलं. काका खुर्ची ओढून बसले. पिशवी उचलून ती बाहेर आली. चप्पल घालत असतानाच मागून काकू आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

“ह्यांच्यावर रागावू नकोस,” त्या म्हणाल्या. “तो मेल मी उघडला.”

“तुम्ही?”

“ह्यांना केस कापायला पाठवलं आणि उघडला. तूच म्हणाली होतीस ना, उघडला की सुरूच होणार नाही.”

तिला काही कळेना. काकूंनी जिन्याचा कठडा धरला.

“कंपनीचा फोन आला होता. मी घेतला. सापडला म्हणाले. ओळखही पटली म्हणाले. बाकीचं सगळं मेलवर पाठवतो म्हणाले.” त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. “ह्यांना कोणत्या तोंडाने सांगू? रोज ठरवते. आणि रोज हे सकाळी उठून विचारतात, ती येणार का आज दुरुस्तीला?”

जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर गेली.

“कंपनीचा मेल मी पुसून टाकते,” ती कुजबुजली. “काहीतरी राहिलंय म्हणून आत जाते, काकू. एका मिनिटाचं काम आहे.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, त्या हो म्हणतील. कठड्यावरची त्यांची पकड सैल झाली. तेवढ्यात आतून काकांची हाक आली.

“अगं, ऐकलंस का? कंपनीचा मेल आलाय. चष्मा कुठे ठेवलास माझा? आण बघू लवकर.”

काकूंनी डोळे पुसले. दाराकडे गेलेला तिचा हात बाजूला सारून त्या आत गेल्या. दार उघडंच राहिलं. काका पडद्यापाशी वाकून अक्षरं लावायचा प्रयत्न करत होते. काकूंनी त्यांना चष्मा दिला नाही. दुसरी खुर्ची ओढून त्या अगदी लागून बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी वाचून दाखवते.”