भिंगकाका

चित्रकथांचं मासिक तीस वर्षं लिहून, संपादित करून बाई निवृत्त झाल्या, त्याला चार महिने झाले होते. ऑफिसातून कुणीतरी चौकशी करेल म्हणून त्या वाट बघत होत्या. आज अखेर नव्या संपादकाचा फोन आला.

"बाई, ते आपले वाचक, भिंगकाका! राक्षसाचं सहावं बोट पुढच्या चौकटीत कुठे गेलं, असलं काहीबाही दर महिन्याला लिहायचे. चार महिने त्यांचं पत्रच नाही हो. चुका काढायला कुणी नाही, तर सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतंय. बरे असतील ना?"

"असतील की."

"तुम्ही मजेत ना? ठेवतो."

बाईंनी कोरं पोस्टकार्ड काढलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, नेहमीसारखं, पेन डाव्या हातात धरलं.