पंपाचा वेग

आज प्रयोगशाळेत सुलक्षणाने रक्त ढकलणारा पंप मुद्दाम अगदी हळू लावला.

नळीत कर्करोगाच्या रुग्ण ताराकाकूंचं मार्चमध्ये तपासून उरलेलं, पेशी टिकवणारं रसायन घालून नियमानुसार जपून ठेवलेलं रक्त होतं. रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी काचपट्टीवरच्या लेपाला चिकटतात, पण रक्त सावकाश वाहिलं तरच. मार्चमधल्या त्या दिवशी दहा नमुने उरकायचे होते, म्हणून तिने वेग दुप्पट केला होता. दहाही जणांत एकही पेशी सापडली नाही.

"पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो!" म्हणत काकूंनी रिपोर्ट हातात पडताच तिला पेढा भरवला. उपचार थांबले. परवा त्यांचा मुंडण केलेला मुलगा रिपोर्टची प्रत न्यायला आला. "आई गेली," एवढंच म्हणाला.

आता पडद्यावर एक चिकटलेली पेशी हिरवी चमकली. मग दुसरी. सुलक्षणाच्या जिभेवर काकूंच्या त्या पेढ्याची चव घोळू लागली. फ्रीजमध्ये त्या दिवसाच्या उरलेल्या नऊ नळ्या होत्या. तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना फोन लावला.

"सर, ताराकाकूंचा रिपोर्ट माझ्यामुळे चुकला. त्याच दिवशीच्या तशाच रिपोर्टवर आणखी नऊ जणांनी पेढे वाटलेत."