ओलं पोतं

पिशोरजवळच्या शेतवस्तीवर सोनियानं सॅटेलाइटचं इंटरनेट घेतलं, पण ते रोज भर दुपारी बंद पडायचं. उद्या बाराला त्यावरच तिची नोकरीची मुलाखत होती. चार तक्रारींनंतर कंपनीचा विश्वजीत संभाजीनगरहून मोटारसायकलवर आला आणि तापलेल्या पत्र्यांवर चढला. डिशवर ओलं पोतं टाकलेलं होतं.

“हे कुणी टाकलं?”

“मीच टाकतो रोज,” सोनियाचे सासरे कडुबा शिडीवरून म्हणाले. “बैलाला आपण सावलीला बांधतो, सायेब. हे बिचारं दिवसभर उन्हात राबतं.”

“बाबा, त्याला ऊन लागत नाय. उलट पोत्यानं त्याच्यापुढचं आभाळ झाकलं की ते बंद पडतं.”

कडुबांचा चेहरा उतरला. “म्हंजी सुनबाईचं काम मीच बंद पाडत व्हतो व्हय?”

विश्वजीतनं पोतं काढून त्यांच्या हातात दिलं. “आलं, नेट आलं!” खालून सोनिया ओरडली. कडुबा मात्र खाली उतरेनात. विश्वजीतच्या घामानं भिजलेल्या शर्टाकडे बघत राहिले. मग त्या पोत्याची खोळ करून त्यांनी त्याच्या डोक्यावर घातली.

“त्याला लागत नाय. पर लेकरा, तुला तर लागतं नव्हं?”