पहिल्या मालाचा शिरा

सत्यनारायणाची आरती संपली आणि शिऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण निघालं. वाफेबरोबर वास आला. आधी अननसाचा. आणि त्याच्या पाठोपाठ ओकारीचा.

उचगावच्या त्या कारखान्याच्या शेडमध्ये कुणी कुणाकडं बघेना. भटजींनी उपरणं नाकाशी नेलं आणि उगाच घाम पुसला.

शिरा केला होता चिमणाबाईंनी, म्हणजे मालक विजयसिंहांच्या आईनं. मुलाच्या शेडमध्ये अननसाचा इसेन्स तयार झालेला. पहिल्या मालाचा मान देवाचा, म्हणून त्यातलाच चमचाभर त्यांनी शिऱ्यात घातला होता. नैवेद्याचा वास घ्यायचा नसतो. ढवळताना नाकातोंडावर बांधलेला पदर त्यांनी अजून सोडला नव्हता.

कारखान्याची इंजिनिअर प्रियदर्शनी, तिला तो वास ओळखीचा होता. रिॲक्टरची, म्हणजे माल तापवायच्या टाकीची, आकडेमोड तिनंच केली होती. ओकारीसारखा वास मारणारं ॲसिड घ्यायचं, साखर कारखान्यातलं अल्कोहोल त्यात घालून तापवायचं, की त्याचा अननस होतो. सगळ्या ॲसिडचा झाला तर. इथं झालेला नव्हता.

ती विजयसिंहांजवळ सरकली. "साहेब, ॲसिड तसंच राहिलंय. मी मोठी टाकी सांगितली होती."

"झालं पुन्हा सुरू! पहिल्या तासात कसं पळत हुतं, तुम्हीच दावलंसा न्हवं? तोच वेग धरला. निम्म्या टाकीत बसलं की सगळं."

"तो वेग शेवटपर्यंत टिकत नाही. ॲसिड जसजसं बदलत जाईल, तसतसं बदलायचं कमी उरतं आणि वेग उतरत जातो. शेवटच्या थोड्यालाच जास्त वेळ लागतो, आणि वाहता माल तेवढा वेळ टाकीत राहायचा तर जागाही जास्त लागते." तिला पटकन दुसरं काही सुचलं नाही. "जेवताना पहिला घास खाता, त्या वेगानं शेवटचा खाता का तुम्ही?"

"आम्ही खातो की!"

मागं बसलेले दोघंतिघं हसले. विजयसिंहही हसले. "मॅडम, मिठाईवाल्याला एवढं कुठलं कळतंय? साखरंत दबून जातंय सगळं. तुम्ही नुसतं पास म्हणा. गाडी उभी हाय."

दाराबाहेर टेम्पो उभा होता, इसेन्सच्या निळ्या पिंपांनी भरलेला. तो जाणार होता बर्फीत, केकमध्ये, लेकरांच्या गोळ्यांत. प्रियदर्शनीनं मान हलवली.

"मी पास म्हणणार नाही."

"ऱ्हाऊ द्या. मी म्हणतो. मालक कोण हाय?"

तेवढ्यात चिमणाबाई द्रोण घेऊन आल्या. प्रियदर्शनीनं उजवा हात पुढं केला, प्रसाद कपाळाला लावला आणि श्वास रोखून खाल्ला. घशाशी आलेलं तिनं परत खाली ढकललं. डोळ्यांत पाणी आलं, पण द्रोणात कण ठेवला नाही. प्रसाद टाकायचा नसतो.

चिमणाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी तोंडावरचा पदर सोडला आणि पातेल्यावर वाकल्या. सरळ झाल्या तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"इजू, माझ्या हातनं हे काय ठेवलंस रं देवाम्होरं?"

"काय न्हाय आई. झ्याक झालाय."

सगळ्यांच्या देखत विजयसिंहांनी एक द्रोण उचलला, मोठा घास तोंडात टाकला आणि न चावता उतरवला. दुसरा लहान घेतला. तो बराच वेळ इकडून तिकडं फिरला. तिसरा तोंडात गेला आणि तिथंच थांबला. गाल फुगलेला, कपाळ घामानं डबडबलेलं.

"मालक, काढू का गाडी?" टेम्पोवाल्यानं बाहेरून हाक दिली.

'काढ' म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. विजयसिंहांनी दाराकडं बघितलं. दारात आता आई येऊन उभी होती, हात जोडून, नजर त्यांच्या गालावर. त्यांनी एकदा घास गिळायचा प्रयत्न केला. जमला नाही. मग हात वर केला आणि जोरजोरात हलवला. नको, नको.

टेम्पोवाल्यानं किल्ली खिशात टाकली.

"गिळ की," चिमणाबाई म्हणाल्या. "द्रोणात अजून निम्मा हाय."